‘आणि’ लिहिताना करंगळी दुखू नये म्हणून: मॉडिफायर बदलता येणारे तीन कीबोर्ड

‘आणि’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत, टाइप करून बघा. ‘आ’साठी शिफ्ट धरून इंग्रजी ‘ई’चं बटण, ‘ण’साठी शिफ्ट धरून ‘सी’चं, मग शिफ्ट सोडून वेलांटीसाठी ‘एफ’चं. तिन्ही बटणं डाव्या हाताची, म्हणजे शिफ्ट धरायचं काम उजव्या करंगळीचं. ‘आहे’ तसाच, ‘एक’ तसाच, ‘अजून’, ‘इथे’, ‘उद्या’ हेही तसेच. स्वराने सुरू होणारा जवळजवळ प्रत्येक शब्द उजव्या करंगळीला कामाला लावतो. ‘ख’, ‘थ’, ‘श’, ‘ळ’ उजव्या हाताखाली आहेत, त्यांची शिफ्ट डाव्या करंगळीकडे. कॉपी, पेस्ट, सेव्ह, अनडू यांचा कंट्रोलही डाव्या करंगळीकडेच, आणि तो पार कोपऱ्यात, मनगट वाकवल्याशिवाय हाती न लागणारा.

मी भाषांतरं करते. दिवसाचे सात-आठ तास एका खिडकीत इंग्रजी मजकूर आणि दुसरीत मराठी, दर दोन मिनिटांनी भाषा बदलायची, दर मिनिटाला काहीतरी कॉपी करायचं. मागच्या वर्षी डाव्या करंगळीच्या मुळाशी दुखायला लागलं. आधी फक्त संध्याकाळी दुखायचं, मग बाटलीचं झाकण फिरवतानाही चमक यायला लागली. फिजिओथेरपिस्टनी माझं टाइपिंग पाच मिनिटं शेजारी बसून बघितलं आणि म्हणाल्या, ‘अक्षरांनी तुमचा हात दुखत नाहीये. तुम्ही ती कडेची बटणं धरून ठेवता ना, त्यांनी दुखतोय.’ त्या दिवसापासून मी कीबोर्डकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. तीन मेकॅनिकल कीबोर्ड वापरून झाले, तिसरा दहा महिने टेबलावर आहे. कंपन्यांची नावं लिहीत नाही. ज्या गोष्टींवर निवड करायची त्या एकाच कंपनीच्या मालकीच्या नाहीत, आणि एकाच प्रकारचं फर्मवेअर (कीबोर्डच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) असलेले कितीतरी कीबोर्ड मिळतात.

खरेदीच्या आधी एक सांगते. तुम्ही एकाच कॉम्प्युटरवर काम करत असाल आणि त्यावर हवं ते इन्स्टॉल करायची मोकळीक असेल, तर आधी आहे त्याच कीबोर्डवर पंधरा दिवस प्रयोग करा. मॅकच्या सेटिंग्जमध्येच मॉडिफायर, म्हणजे शिफ्ट-कंट्रोलसारखी धरून ठेवायची बटणं, बदलायची सोय आहे, तीही प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळी. विंडोजवर पॉवरटॉइजमधलं कीबोर्ड मॅनेजर आहे, मॅकवर जास्त खोलात जायचं तर कॅरॅबिनर आहे, लिनक्सवर कीडी आहे. कॅप्स लॉकचा कंट्रोल करून बघायला एवढं पुरतं. मीही तिथूनच सुरुवात केली. पण ऑफिसच्या मशीनवर मला काहीही इन्स्टॉल करता येत नाही. घरच्या मशीनवरही पॉवरटॉइज चालू असेल तोवरच बदल टिकतो, आणि लॉगिनच्या पडद्यावर तो लागूच होत नाही. सकाळी एका बोटाची सवय आणि दुपारी दुसऱ्या, असं आठवडाभर केल्यावर चुका इतक्या वाढल्या की दोन्हीकडचा वेग पडला. बदल कॉम्प्युटरमध्ये नको, कीबोर्डच्या आत हवा, हे तेव्हा पक्कं कळलं.

ते कसं शक्य होतं ते समजून घेतलं तर खरेदीत फसायला होत नाही. यूएसबी कीबोर्ड अगदी साध्या पद्धतीत दर वेळी ८ बाइटचा निरोप पाठवतो. त्यातला पहिला बाइट फक्त मॉडिफायरसाठी राखलेला असतो. त्यात ८ बिट, आणि प्रत्येक बिट एका मॉडिफायरचा: डावे कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट, विंडोज आणि उजवे तेच चार. कॉम्प्युटरला एवढंच समजतं की ‘डावा कंट्रोल दाबलेला आहे’. तो निरोप कोपऱ्यातल्या बटणाने पाठवला की स्पेसबारच्या शेजारच्या, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून कीबोर्डच्या आतल्या चिपनेच ‘हे बटण म्हणजे कंट्रोल’ असं ठरवलं, तर तो कीबोर्ड कुठेही लावा, काहीही इन्स्टॉल न करता तुमचीच मांडणी चालते. लॉगिनच्या पडद्यावरसुद्धा.

या ८ जणांत एफएन नाही. एफएन हे कीबोर्डचं घरगुती बटण आहे, बहुतेक कीबोर्ड ते दाबल्याचं कॉम्प्युटरला कळवतच नाहीत. त्यामुळे बाहेरून कुठल्याही सॉफ्टवेअरने त्याची जागा बदलता येत नाही. ती सोय फर्मवेअरने दिली तरच मिळते. माझा पहिला कीबोर्ड इथेच अडकला.

पहिला दिसायला सगळ्यात देखणा होता. धातूची चौकट, बटणांचा आवाज मऊ, अक्षरं ठसठशीत. जाहिरातीत ‘प्रत्येक बटण तुमच्या मनासारखं’ असं लिहिलेलं. घरी आणल्यावर कळलं की त्यासाठी कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं, ते फक्त विंडोजवर चालतं, आणि त्यात अक्षरं हवी तशी बदलता येतात पण एफएनला हातच लावता येत नाही. यादीत ते बटण राखाडी रंगात, कुलूप लावलेलं. डावा कंट्रोल आणि ऑल्ट यांची अदलाबदल झाली, पण ते सॉफ्टवेअर बंद केल्यावर पुन्हा मूळपदावर. म्हणजे बदल कीबोर्डमध्ये उतरतच नव्हता, सॉफ्टवेअर तो वरच्या वर करत होतं. ऑफिसमध्ये तो साधा कीबोर्ड होऊन बसला. मी तो परत केला. इतकं चांगलं घडवलेलं यंत्र, आणि त्याच्या मालकाला त्याचंच एक बटण हलवता येऊ नये, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून दुकानात किंवा वर्णनात मी एकच शब्द आधी शोधते: क्यूएमके. हे मुक्त स्रोताचं फर्मवेअर आहे, कीबोर्डच्या चिपमध्ये बसतं. त्याच्या जोडीला व्हाया असेल तर मांडणी बदलायला कोड लिहावा लागत नाही. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, कीबोर्डचं चित्र दिसतं, चित्रातल्या बटणावर क्लिक करायचं, खालच्या यादीतून त्याला नवं काम द्यायचं. झालं. त्याच क्षणी बदल कीबोर्डच्या स्मृतीत लिहिला जातो. क्रोम किंवा एज ब्राउझर लागतो, फायरफॉक्समध्ये ते पान कीबोर्डशी बोलू शकत नाही. लिनक्सवर आधी परवानगीचा एक नियम लिहावा लागतो, तो एकदाच. व्हायल नावाचा व्हायाचाच आणखी सोयीचा भाऊ आहे, त्याच्याकडे पुढे येते.

फक्त ‘व्हाया चालतं’ एवढ्या वाक्यावर विसंबू नका. काही कीबोर्ड व्हायाच्या पानावर आपोआप ओळखले जात नाहीत, त्यांची वर्णनाची वेगळी फाइल विक्रेत्याच्या पानावरून उतरवून तिथे द्यावी लागते. फाइल मिळते का ते खरेदीच्या आधी बघा. आणि व्हायाच्या चित्रात एफएनच्या जागी ‘एमओ’ आणि त्यापुढे लेअरचा, म्हणजे बटणांच्या कामांच्या वेगळ्या थराचा, आकडा दिसला की निश्चिंत व्हा. याचा अर्थ तिथे एफएन हे कुलूपबंद बटण नाहीच, ते इतरांसारखंच एक नेमून दिलेलं काम आहे आणि दुसरीकडे नेता येतं.

दुसरा कीबोर्ड ६१ बटणांचा, ज्याला ६० टक्के म्हणतात तो. वरची एफ१ ते एफ१२ची रांग नाही, बाण नाहीत, होम-एंड नाहीत. क्यूएमके आणि व्हाया दोन्ही होतं. पहिल्याच संध्याकाळी मी कॅप्स लॉकचा कंट्रोल केला, आणि बऱ्याच महिन्यांनी डावा हात न वळवता मजकूर कॉपी केला.

ही जागा कंट्रोलला नवी नाहीच. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डवर कंट्रोल ‘ए’च्या शेजारीच होता आणि कॅप्स लॉक खाली स्पेसबारच्या उजवीकडे. पुढे १०१ बटणांचा मोठा कीबोर्ड आला, त्यात कॅप्स लॉक ‘ए’च्या शेजारी येऊन बसला, कंट्रोल खालच्या कोपऱ्यांत गेला, आणि तीच मांडणी जगभर झाली. जपानमधला हॅपी हॅकिंग कीबोर्ड १९९६ मध्ये आला तोही कंट्रोल पुन्हा ‘ए’शेजारी ठेवूनच. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणजे आपल्या लिखाणात तर कॅप्स लॉकला कामच नाही. इतकी चांगली जागा त्याने अडवून ठेवावी हे मला पटत नाही.

तर, ६१ बटणांच्या कीबोर्डवर चार महिने काम केलं. कंट्रोलचा प्रश्न निम्मा सुटला. निम्माच, कारण जागा जवळ आली तरी बोट तेच राहिलं. करंगळी आता वाकत नव्हती, पण दाबून तीच धरत होती. बाणांसाठी एफएन धरायचं, भाषांतरात तर एकेका शब्दावर मागेपुढे जावं लागतं. कंट्रोल, शिफ्ट, एफएन आणि बाणाचं अक्षर अशी चार बटणं एका वेळी धरून मी एकेक शब्द निवडायचे. महिन्याभरात सवय झाली, पण आवडलं कधीच नाही. एक गोष्ट मात्र या कीबोर्डची मला पुढेही आठवत राहिली. त्याची उजवी शिफ्ट पूर्ण लांबीची होती.

ही लांबी समजावून सांगते, कारण फोटोत ती दिसते आणि तरी कुणी बघत नाही. कीबोर्डवाले अक्षराच्या एका बटणाच्या जागेला १ यू म्हणतात, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. नेहमीच्या मांडणीत डावी शिफ्ट २.२५ यू, उजवी २.७५ यू, कॅप्स लॉक १.७५ यू, खालच्या रांगेतले कंट्रोल, विंडोज, ऑल्ट प्रत्येकी १.२५ यू आणि स्पेसबार ६.२५ यू. जिथे कमी जागेत बाण कोंबायचे असतात तिथे पहिला बळी उजव्या शिफ्टचा जातो. ती पावणेतीनवरून पावणेदोनवर येते आणि तिच्या लगेच उजवीकडे वरचा बाण बसतो. इंग्रजी लिहिणाऱ्या कित्येकांचं उजव्या शिफ्टवाचून अडत नाही, त्यामुळे तिकडच्या परीक्षणांत याचा उल्लेखही सापडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये लिहिणाऱ्याला तो पहिल्या वाक्यातच जाणवतो. तुम्ही ‘आहे’ लिहायला जाता, करंगळी सवयीने बाहेरच्या बाजूला पडते, वरचा बाण दाबला जातो, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो, आणि तिथे एका पूर्ण झालेल्या वाक्याच्या मधोमध ‘ाहे’ उमटतं. काना, ह, मात्रा. दिवसातून वीसदा.

माझ्या तिसऱ्या कीबोर्डवर हे झालं, आणि तरीही तोच माझा कायमचा कीबोर्ड आहे. कसा ते सांगते.

तिसरा ७५ टक्के प्रकारचा आहे. एफची रांग आहे, बाण आहेत, होम-एंड उजव्या कडेला. वायरचा. क्यूएमके, व्हाया, आणि व्हायलसाठी तयार फर्मवेअरही उपलब्ध. प्रत्येक बटणाखालचे स्विच खोबणीतून उपसून बदलता येतात, सोल्डरिंग लागत नाही. खालच्या रांगेत डावीकडे सव्वा-सव्वा यूची तीन बटणं, स्पेसबार सव्वासहाचा, उजवीकडे एकेक यूची तीन छोटी बटणं: ऑल्ट, एफएन, कंट्रोल. उजवी शिफ्ट पावणेदोनची. फोटोत हे मला दिसत होतं, पण तेव्हा लांबीचं महत्त्व कळलेलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात परत करायच्या बेतात होते.

मग एका रात्री दोन्ही हात कीबोर्डवर नुसते ठेवून बसले आणि बघितलं की काम कोण करतंय. आठ बोटं राबत होती, अंगठे दोन्ही स्पेसबारवर आरामात. त्यातला डावा तर स्पेससुद्धा दाबत नव्हता, माझी स्पेस नेहमी उजव्या अंगठ्याने पडते. हातातलं सगळ्यात दणकट बोट रिकामं, आणि सगळ्यात नाजूक बोटावर तीन-तीन बटणं. मॅक वापरणाऱ्यांचं कमांड बटण स्पेसबारला चिकटून असतं आणि ते अंगठ्याने दाबतात. त्यांच्याकडे बघून मी इतकी वर्षं काही शिकले नव्हते.

व्हाया उघडलं. डाव्या ऑल्टच्या जागी कंट्रोल ठेवला, ऑल्ट एक घर डावीकडे, विंडोज कोपऱ्यात. उजव्या ऑल्टच्या जागी शिफ्ट. ‘आणि’ लिहिताना आता उजवा अंगठा थोडा आत वळवून शिफ्ट धरते, डाव्या हाताची बोटं ‘आ’ आणि ‘ण’ दाबतात, अंगठा उचलते, वेलांटी. करंगळी हललीच नाही. पहिले तीन दिवस मेंदू थकून गेला. चौथ्या दिवशी एका लांबलचक करारनाम्याचं भाषांतर करताना दुपारी लक्षात आलं की मी बोटांचा विचारच करत नाहीये.

भाषा बदलायचं काम आधी कॅप्स लॉकवर द्यायचा विचार होता: टिचकी मारली तर भाषा बदलावी, धरून ठेवलं तर बाणांचा लेअर उघडावा. ते जमलं नाही. क्यूएमकेच्या या दुहेरी बटणांत टिचकीच्या बाजूला एकटं साधं बटणच ठेवता येतं, ‘विंडोज आणि स्पेस’ अशी जोडी बसत नाही. व्हायलमध्ये वळसा घालून बसवता येते, पण भरभर लिहिताना तिचा भरवसा वाटला नाही. शेवटी मी उजवीकडचं एफएनचं बटण रिकामं केलं आणि ‘विंडोज-स्पेस’ त्याला दिलं. एक बटण, एक टिचकी, मराठी. पुन्हा टिचकी, इंग्रजी. दिवसातून शंभरदा होणारं काम दोन बटणांवरून एकावर आलं. एफएन मोकळं हवं असा आग्रह धरते तो यासाठी. कॅप्स लॉक आता धरला की एफएनचं काम करतो, आणि नुसता दाबला की एस्केप.

अंगठ्याबद्दल थोडं आणखी. डावा ऑल्ट ‘झेड’ आणि ‘एक्स’च्या खाली येतो. माझा तळहात मध्यम आहे, अंगठा आत दुमडून तिथे सहज पोहोचतो. उजवा ऑल्ट पूर्णविरामाच्या बटणाखाली आहे, तिथवर अंगठा न्यायला थोडा जास्त वळवावा लागतो. ज्यांचा हात लहान आहे त्यांनी स्पेसबारची लांबी नक्की बघावी. सव्वासहाऐवजी सहाचा असेल तर बरं. ॲलिससारख्या मांडणीत तर स्पेसबार मधोमध दुभागलेला असतो, त्यातला एक तुकडा शिफ्टला देता येतो. ओळखीतल्या एकीकडे तसा आहे. मी तासभर वापरून बघितला, अंगठ्यांना त्याहून सोयीचं काही नसेल. मला फक्त त्याची तिरकी अक्षरं जमली नाहीत.

दुसरी अडचण कीकॅपच्या, म्हणजे बटणावरच्या टोपीच्या, काठाची आली. तळाच्या रांगेतल्या कीकॅपचा अंगठ्याकडचा काठ उंच असतो, कारण तिथे अंगठा येईल असं कुणी धरलेलंच नाही. अर्धा दिवस कंट्रोल धरल्यावर अंगठ्याच्या कडेला लाल रेघ उमटायची. उपाय फुकटचा निघाला. कीकॅप उपसून काढली, उलटी फिरवली आणि परत बसवली. स्विचचा दांडा अधिकच्या चिन्हासारखा असतो, त्यामुळे ती दोन्हीकडून बसते. आता उतार अंगठ्याकडे आहे. त्यावरचं ‘ऑल्ट’ उलटं दिसतं, पण तिथे ऑल्ट राहिलेलाच नाही. डावीकडची तिन्ही बटणं सारख्याच मापाची असल्याने त्यांच्या कीकॅप हव्या तशा अदलाबदल करता येतात. कॅप्स लॉकचं तसं नाही. तो पावणेदोनचा आणि वरच्या रांगेच्या उताराचा, त्यावर कोपऱ्यातल्या कंट्रोलची कीकॅप बसवता येत नाही. त्या मापाचीच छापलेली वेगळी मिळाली तर ठीक, नाहीतर कोरी लावा.

स्विचबद्दल लोक सगळ्यात जास्त बोलतात, माझं म्हणणं थोडक्यात आहे. अक्षरांखाली मला खटका जाणवणारे ब्राउन प्रकारचे आवडतात. मॉडिफायरखाली नाही. खटका ‘अक्षर पडलं’ हे बोटाला सांगायला असतो. मॉडिफायर तर धरून ठेवायचा, तिथे त्या खटक्यावरून दर वेळी बोट रेटून न्यायचं कशाला? म्हणून दोन्ही शिफ्ट, कॅप्स लॉक आणि अंगठ्याखालची बटणं यांत सरळ खाली जाणारे लिनिअर घातले. चेरी या स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या मोजमापात लाल लिनिअरला ४५ सेंटिन्यूटन जोर लागतो आणि काळ्याला ६०. करंगळीच्या बटणांना लाल, अंगठ्याच्या बटणांना काळे. अंगठ्याला थोडा जड स्विच हवाच, तो तिथे नुसता टेकलेला असतानाही बटण दाबलं जाऊ नये. स्विच काढता-घालता येत असतील तरच हे करता येतं, आणि घालताना त्याच्या तळाच्या दोन तारा सरळ आहेत ना हे डोळ्यांनी बघा. एक तार वाकून दुमडली तर बटण मुकं होतं, आणि आपण सेटिंग्जमध्ये चूक शोधत बसतो.

आता जे करून फसलं तेही सांगायला हवं, कारण इंटरनेटवर त्याचं फार कौतुक आहे. घरच्या रांगेतली, म्हणजे बोटं टेकतात त्या मधल्या रांगेतली, अक्षरंच मॉडिफायर करायची: ‘ए’, ‘एस’, ‘डी’, ‘एफ’ टिचकीला अक्षरं आणि धरल्यावर विंडोज, ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट. हात जागचा हलतच नाही. इंग्रजीत मला ते दहा दिवसांत जमलंही. पण इनस्क्रिप्टमध्ये ‘डी’ म्हणजे हलंत, आणि मराठीत जोडाक्षराशिवाय दोन शब्द पुढे जाता येत नाही. ‘प्र’ लिहायचा तर ‘एच’, ‘डी’, ‘जे’. भरभर लिहिताना ‘डी’ सुटायच्या आधी ‘जे’ दाबला जातो. कीबोर्डला वाटतं ‘डी’ धरून ठेवला आहे, तो कंट्रोल आणि जे पाठवतो, आणि क्रोममध्ये त्याने डाउनलोडचं पान उघडतं. प्रश्न, प्रकार, प्रत्येक, पत्र, मात्र. एका परिच्छेदात चारदा मी डाउनलोडच्या पानावर.

टिचकी आणि धरणं यांच्यातली सीमा क्यूएमकेमध्ये मुळात २०० मिलिसेकंदांची असते. व्हायलमध्ये ती आणि तिच्यासोबतचे नियम कोड न लिहिता बदलता येतात. माझ्याकडे ‘दुसरं बटण दाबलं की लगेच धरलेलं समज’ हा नियम चालू होता, कारण कॅप्स लॉकच्या लेअरला तो हवा होता. तो नियम सगळ्या दुहेरी बटणांना एकदम लागू होतो. बंद केला तर ‘प्र’ सुधारला, बाण अडखळायला लागले. मी बाण ठेवले आणि घरच्या रांगेतले मॉडिफायर काढून टाकले. कुणी फक्त इंग्रजीत लिहीत असेल तर जरूर करून बघावं. देवनागरीत लिहिणाऱ्याला मी हे सुचवणार नाही.

आणखी दोन प्रसंग, ज्यांत माझे दोन दिवस गेले. या कीबोर्डच्या कडेला मॅक आणि विंडोज अशी सरकपट्टी आहे. ती बदलली की कीबोर्ड वेगळ्या लेअरवर जातो: मॅकला ० आणि १, विंडोजला २ आणि ३. मी पहिल्या दिवशी व्हायामध्ये लेअर ० वर सगळी मांडणी केली आणि टेबलावर काहीच बदललं नाही. कीबोर्ड सदोष आहे अशी तक्रारही अर्धी लिहून झाली होती. पट्टी विंडोजवर होती, बदल लेअर २ वर करायला हवे होते. दुसरा प्रसंग: वायर लावताना चुकून एस्केपवर हात राहिला. या फर्मवेअरमध्ये एस्केप दाबून वायर लावणं म्हणजे सगळी स्मृती पुसून टाकायचा इशारा असतो, आणि तो कीबोर्डने पाळला. अडीच महिन्यांत बसवलेली मांडणी गेली. व्हाया आणि व्हायल दोन्हींत मांडणी फाइलमध्ये जतन करायची सोय आहे, ती मी तोवर वापरलेली नव्हती. आता प्रत्येक बदलानंतर तारखेसह फाइल ठेवते, एक प्रत ईमेलमध्येही.

या कीबोर्डबद्दल तक्रारी आहेतच. डाव्या शिफ्टचा स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटण तिरकं होऊ नये म्हणून खाली बसवलेली तार, खडखडतो. उघडून वंगण लावलं तेव्हा कमी झाला, गेला नाही. उजवी शिफ्ट आखूड असल्याने तिला स्टॅबिलायझर नाही, म्हणून दोन शिफ्टचा आवाज वेगळा येतो. मला कानाला खुपतो, कुणाला खुपणारही नाही. आणि उजवीकडची ती एकेक यूची तीन बटणं बनवणाऱ्याने दीड-दीड यूची दोन केली असती, तर अंगठ्याला फार बरं झालं असतं. तीनांपैकी शेवटच्या कंट्रोलला मी दहा महिन्यांत हातही लावलेला नाही.

जुनी उजवी शिफ्ट मी पहिले तीन आठवडे पूर्ण बंद ठेवली होती. व्हायामध्ये कुठल्याही बटणाला ‘काहीच नाही’ असं काम देता येतं, तेच दिलं, म्हणजे करंगळी सवयीने तिकडे गेली तरी काही घडू नये. सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. मग ती परत चालू केली, न जाणो कधी लागली तर. मागच्या महिन्यात कीबोर्ड पुसायला सगळ्या कीकॅप काढल्या. बाकीच्यांना बोटांचं तेल लागून चकाकी आलेली, उजव्या ऑल्टच्या जागेवरच्या छोट्या कीकॅपचा एक कोपरा तर गुळगुळीत झालेला. त्या उजव्या शिफ्टवर मात्र धूळ होती.